रिपोर्टवरची एक ओळ



बोरगावच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार असो की सौंसरकडच्या संत्र्याच्या बागेतला मजूर, आव पडू लागली की घरचे आधी कुड्याची साल उगाळून देतात. नाहीच भागलं तर दवाखाना. शौचाची तपासणी होते, रिपोर्टवर ओळ येते : ‘एन्टामिबा हिस्टोलिटिकाचे सिस्ट आढळले’. लगेच मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या सुरू.

माझी तक्रार आहे ती या ओळीबद्दल. सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो दहा-पंधरा मायक्रॉनचा, चार केंद्रकांचा गोल कोश, म्हणजेच सिस्ट. हुबेहूब तसाच कोश एन्टामिबा डिस्पार या वेगळ्या जातीचाही असतो. हिस्टोलिटिका ही अमीबाची जात आतड्याला जखमा करते, कधी यकृतात गळू करते. डिस्पार मात्र निरुपद्रवी; राहते, खाते, निघून जाते.

एमिल ब्रंप्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १९२५ सालीच सांगितलं होतं. सिस्ट सापडलेली इतकी माणसं ठणठणीत कशी, हा त्याचा प्रश्न. पण दिसायला फरक नाही, मग जात वेगळी कशी मानायची? जवळजवळ पन्नास वर्षं त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये लंडनच्या सार्जंट आणि विल्यम्स यांनी अमीबांची विकरं जेलवर वीज सोडून वेगळी केली. आजारी माणसांतल्या अमीबांचे पट्टे निराळे निघाले. पुढे जनुकांनीही तीच साक्ष दिली आणि १९९३ मध्ये डायमंड व क्लार्क यांनी दोन्ही जाती रीतसर वेगळ्या मांडल्या. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी मेक्सिकोत ठरवलं, की नुसते कोश दिसले तर रिपोर्टवर दोन्ही नावं लिहावीत, आणि नुसती डिस्पार असेल तर औषध देऊ नये.

तांबड्या रक्तपेशी गिळलेला अमीबा दिसला, तर हिस्टोलिटिकाचाच संशय घ्यायचा. एरवी प्रतिजनाची किंवा पीसीआरची तपासणी लागते. ती छोट्या लॅबमध्ये कुठून होणार? खरी हिस्टोलिटिका निघाली, तर त्रास नसला तरी औषध हवंच. त्यातही मेट्रोनिडाझोल आतड्याच्या पोकळीतल्या कोशांवर फारसं चालत नाही, म्हणून डायलोक्झनाइडसारखं दुसरं औषध द्यावं लागतं. हा दुसरा भाग बऱ्याचदा राहूनच जातो.

शौचाच्या रिपोर्टवर दिसणाऱ्या ब्लास्टोसिस्टिस या दुसऱ्या सूक्ष्मजीवाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. रिपोर्टवर नाव एकच, पण जनुकं पाहिली तर त्याचे कितीतरी उपप्रकार निघतात. त्यांतले काही माणसांत, काही गुराढोरांत, काही पक्ष्यांत, तर काही माणसांत आणि प्राण्यांतही. त्यांना निरनिराळ्या जाती म्हणायचं की नाही, यावर अजून एकमत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या संशोधकांना तो निरोगी माणसांतही आढळला. ते काम २०१५ मध्ये छापून आलं. म्हणून तो नुसता दिसला एवढ्यावरून गोळ्या लिहून द्यायला मी तरी तयार नाही.