धांडा, माती आणि झेंडू

वऱ्हाडात भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत घरोघरी तिची गाणी चालतात. हा महिना आणि पुढची दिवाळीची सुट्टी, एवढ्या काळात वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनसारख्या गावी लहान मुलांच्या हाताला भरपूर काम असते. पाऊस ओसरलेला, माती ओली पण चिखल नाही, ज्वारी निसवलेली, परसात झेंडू. दुकानातून आणावे असे फारसे काही लागत नाही.

भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर, आणि मांडीवर बाळ गणेश. रंगवलेल्या मूर्ती बाजारात मिळतात. घरी करायची असेल तर शेतातली काळी माती जशीच्या तशी चालत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात रानात पडतात त्याच भेगा मूर्तीलाही पडतात. म्हणून माती चाळून तीत बारीक कुटार आणि थोडी राख मिसळतात, रात्रभर भिजवतात आणि पोळीच्या कणकेसारखी मळतात. तीन वर्षांच्या मुलाने नुसते गोळे वळले तरी पुष्कळ झाले. पाच-सहा वर्षांच्या मुलाला बसलेली भुलाबाई जमते: खाली रुंद, वर निमुळते धड आणि त्यावर डोक्याचा लहान गोळा. हात वेगळे वळून चिकटवले तर सुकताना गळून पडतात. ते धडातूनच चिमटून ओढावे लागतात. डोळ्यांना ज्वारीचे दाणे. मूर्ती सावलीतच वाळवायची. उन्हात ठेवली की तडकलीच.

गाणी संपली की डबा हलवून खिरापत ओळखायची असते. त्याच धर्तीवर छोट्या डब्यांत ज्वारी, तूर, चिंचोके वेगवेगळे भरले, तोंडाला कागद घट्ट बांधला, की आवाजावरून धान्य ओळखण्याचे खुळखुळे तयार होतात. दाणे नाकाकानात घालण्याच्या वयाची मुले असतील तर डबा मोठ्यांनीच भरावा. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हा महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी अशाच बिया, पाने, खडे वापरात आणले. अंगणवाडीला आजही याहून स्वस्त साहित्य सापडणार नाही.

दसऱ्याला तोरण. सुई लहान मुलाच्या हाती देण्यापेक्षा सुतळीच्या टोकाला खळ लावून ते वाळवले तर कडक होते. मोठ्यांनी झेंडूच्या देठाशी भोक पाडून दिले की मूल ओवत जाते. दोन फुले, एक आंब्याचे पान, पुन्हा दोन फुले: हा क्रम सांभाळणे हाच मुलासाठी खरा खेळ, मग तोरण वाकडे झाले तरी चालते. आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडण्यापेक्षा एका पानाला ओला गेरू लावून कागदावर त्याचे ठसे घ्यावेत. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचा ठसा आयताच मिळतो. हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने चित्र काढले तर रेघ तांबूस उमटते. मुलांना ही जादू वाटते, आणि ती दहा वेळा करून पाहिल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही.

कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपडी करून तीत भुलाबाई मांडतात. धांडे वर एकत्र बांधायचे आणि खाली फाकवायचे, एवढेच काम. मुलांनी धरायचे, मोठ्यांनी बांधायचे. खेळण्यांसाठी मात्र मागल्या वर्षीचा वाळका धांडा लागतो. त्याची वरची साल सोलली की आत पांढरा, हलका गाभा निघतो. गाभ्याचे तुकडे आणि सालीच्या काड्या एकमेकांत खुपसून बैलगाडी, खाट, चष्मा काहीही उभे राहते. डिंक नको, खिळा नको. सालीची धार बोट कापते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांचे. अडचण आहे ती धांड्याचीच. या भागात सोयाबीनने ज्वारीला मागे सारले आहे आणि कडब्याची गंजी पूर्वीसारखी दारोदार दिसत नाही. सोयाबीनच्या काड्यांचे काही होत नाही. तुराटी खोपडीला चालते, पण गाडीला नाही.

दिवाळीच्या आकाशकंदिलासाठी कामट्यांची चांदणी लहान मुलांना झेपत नाही. आयताकृती जाड कागद लांबीत दुमडावा, घडीच्या बाजूने एकेक बोटाच्या अंतरावर काप द्यावेत, मोकळ्या कडेला दोन बोटे जागा सोडावी, उघडून नळी करावी आणि मैद्याच्या खळीने चिकटवावी. आत लहान एलईडी दिवा लावावा, पणती कधीच नाही. शिरपुरात अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे, आणि जैन परंपरेत दिवाळीची अमावास्या हा महावीरांचा निर्वाणदिन. तेव्हा पणत्या हिंदू आणि जैन, दोन्ही घरी लागतात. भाजलेल्या पणत्या गेरूने रंगवण्याआधी दोनतीन तास पाण्यात भिजवून सुकवल्या तर तेल कमी पितात. मुलांनी वळलेल्या कच्च्या मातीच्या पणत्या शोभेपुरत्याच ठेवाव्यात.

पाडव्याला काही घरांच्या अंगणात शेणाच्या गवळणी करतात. ताज्या शेणाला भेगा पडत नाहीत असे नाही, पण त्यातल्या चाऱ्याच्या तंतूंमुळे आकार धरून राहतो. मातीत कुटार घालण्यामागेही हेच कारण. डोक्यावर झेंडूची पाकळी खोचली की गवळण झाली. चार दिवसांनी ती वाळते आणि गोवऱ्यांत जमा होते.