पडद्यावरचे विमान का अडखळते?

विमान चालवायला शिकायचे तर विमानच हवे, हा समज १९२९ साली मोडला. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक हा तरुण वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यात काम करी. ऑर्गनला आपल्या पेटीसारखेच हवेचे भाते असतात. त्या भात्यांवर त्याने एक लहानसे खोटे विमान बसवले. शिकाऊ माणसाने दांडा हलवला की भाते फुगत, मिटत, आणि विमान जागच्या जागी झुके, वळे. पुढे १९३४ साली अमेरिकी सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले. खराब हवेत कित्येक वैमानिक प्राणास मुकले, तेव्हा कुठे या यंत्राची खरी किंमत कळली.

भात्यांचे काम आज घरातला संगणक करतो. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर १९८२ साली निघाला. २०२० आणि २०२४ सालच्या आवृत्त्यांत तर सारी पृथ्वीच पडद्यावर उतरली आहे. वैमानिक होण्याची उमेद बाळगणारी मुले आता खेड्यापाड्यांतही यावर हात बसवू लागली आहेत. त्यांची एक तक्रार मात्र नेहमीची : विमान नीट चाललेले असते आणि मध्येच चित्र अडखळते. आज या अडखळण्याची, विशेषतः यंत्रातल्या दोषांची, थोडी चिकित्सा करू.

पडद्यावरचे चित्र खरे पाहता हालत नसते. एकामागून एक स्थिर चित्रे येतात. त्यांना फ्रेम म्हणतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ३३ मिलिसेकंद आले. आता समजा, २९ फ्रेम प्रत्येकी ३० मिलिसेकंदांत आल्या आणि तिसावी १३० मिलिसेकंदांनी आली. बेरीज एक सेकंदच होते, सरासरी ३० च भरते, पण डोळ्याला तो ठेचकाळा जाणवतोच. वेळापत्रकात दिवसाला बारा गाड्या असतात. पण तीन तास एकही नाही आणि मग तीन एकदम आल्या, तर स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला त्या बारांचा काय उपयोग? म्हणून सरासरीवर जाऊ नका. प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ पाहा.

कोणी म्हणेल, एवढ्याशा विलंबाने काय बिघडते? लहान विमान ताशी १२० किलोमीटर वेगाने उतरत असेल, तर १३० मिलिसेकंदांत ते चार मीटरांहून जास्त पुढे जाते. चाके टेकायच्या ऐन क्षणी चित्र थांबले की मुलगा घाबरून दांडा जास्तच ओढतो. असे शंभरदा झाले की हाताला चुकीचे वळण लागते, आणि लागलेले वळण मोडणे कठीण.

तेव्हा उपाय कसा करावा? नाडी पाहिल्यावाचून वैद्य औषध देत नाही. चित्र केव्हा अडखळते, हीच इथली नाडी.

पंधरा-वीस मिनिटे सुरळीत आणि मग अडखळण सुरू, असे असेल तर आधी उष्णतेचा संशय घ्या. प्रोसेसर फार तापला, साधारण १०० अंश सेल्सियसच्या घरात गेला, की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला दुकानदाराने नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगितले होते. वडील कर्ज काढायला निघाले होते. पेटी उघडून पाहिली तर पंख्याखालच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला! हलक्या ब्रशने तो काढला आणि काम भागले. हे करताना वीज तोडा, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, आणि पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका.

नवा प्रदेश समोर येताना चित्र अडखळत असेल, तर रॅम आणि डिस्क पाहा. रॅम अपुरी पडली की संगणक डिस्कवर सामान ठेवू लागतो, आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच मंद. २०२४ च्या आवृत्तीला किमान १६ आणि शिफारशीप्रमाणे ३२ गिगाबाइट रॅम लागते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. रॅमच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन्ही वाटांनी माहिती वाहते; एकीवर भागवले तर एकच वाट उरते. या सिम्युलेटरचा बराचसा भूप्रदेश इंटरनेटवरून येतो, तेव्हा तेही मंद नाही ना, हे आधी पडताळावे.

मोठ्या शहरावर, गर्दीच्या विमानतळावरच अडखळत असेल, तर दोष प्रोसेसरचा की ग्राफिक्स कार्डचा? सोपी परीक्षा आहे. चित्राचे रिझोल्यूशन निम्मे करा. गती सुधारली तर भार कार्डावर होता; तशीच राहिली तर प्रोसेसरवर. इथे एक फसगत होते. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ४० टक्के दाखवतो आणि आपण निश्चिंत होतो. पण त्याच्या अनेक गाभ्यांपैकी एखादा गाभा ओझ्याखाली पुरता दबलेला असू शकतो, बाकीचे बरेचसे मोकळे असतात.

ठराविक अंतराने किंवा दांडा हलवताच अडखळत असेल, तर जॉयस्टिक, पेडल वगैरे यूएसबीची सारी साधने काढा आणि एकेक करून परत जोडा. ज्याच्या येण्याने खोड परतेल, ते साधन, त्याची केबल किंवा त्याचा हब दोषी. लॅपटॉप असेल तर तो चार्जरवर चालवावा. बॅटरीवर तो हात आखडता घेतो.

काही वेळा सारे ठीक असूनही पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो आणि फ्रेम येतात ४५. काही फ्रेम एकदा दिसतात, काही दोनदा. अशा वेळी ३० चीच मर्यादा घालावी. प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि चाल संथ होते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक विनंती. ही तपासणी विज्ञानाच्या तासासारखी करवून घ्या. विमानतळ तोच, हवामान तेच, विमान तेच ठेवावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत नोंद करावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. या रीतीने मुलाचे पैसे वाचतील, हात सुधारेल. आणि कारण सापडेपर्यंत खर्च करायचा नाही ही सवय लागेल, ती तर पंपापासून मोटारीपर्यंत कुठल्याही यंत्रापाशी उपयोगी पडेल.