तुलनेचा नमुना आणि प्रयोगशाळेचा पुरावा

प्रयोगशाळेत सिद्ध झालेला निष्कर्ष समाजापर्यंत पोहोचतो तो बहुधा एका वाक्याच्या रूपात: अमुक जनुकामुळे अमुक आजार होतो, अमुक औषध शुद्ध आहे, अमुक धातूवर अमुक वायूचे रेणू तुटतात. त्या वाक्यामागे कोणकोणते प्रयोग उभे असतात, आणि त्यांपैकी कितीतरी प्रयोग काहीही घडू नये याच अपेक्षेने केलेले असतात, हे सहसा सांगितले जात नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हे न सांगितले जाणारे प्रयोग हा आहे. जनुकशास्त्र, शरीररचनाशास्त्र, औषध-विश्लेषण आणि पृष्ठभागविज्ञान या चार शाखांची उपकरणे वेगळी, परिभाषा वेगळी आणि अभ्यासकही वेगळे असले, तरी चारही ठिकाणी मापनावर विश्वास बसतो तो एकाच कारणाने: तपासायच्या नमुन्याशेजारी, ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा दुसरा नमुना ठेवून दोघांना सारखीच वागणूक दिलेली असते. अशा तुलनेच्या नमुन्याला प्रयोगशाळेत ‘कंट्रोल’ म्हणतात; ज्यात शोधायचा पदार्थ मुळीच नाही अशा कोऱ्या नमुन्याला ‘ब्लँक’ म्हणतात, आणि ज्यात तो पदार्थ ठरावीक प्रमाणात घातलेला आहे त्याला ‘स्टँडर्ड’ म्हणतात.

जनुकशास्त्रातील एका मूलभूत शोधाची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. फ्रेडरिक ग्रिफिथ हे ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ न्यूमोनियाच्या जीवाणूंचा अभ्यास करीत होते. या जीवाणूंच्या एका रूपाभोवती शर्करेचे गुळगुळीत आवरण असते आणि ते उंदरांना मारते. दुसरे रूप आवरणहीन, खडबडीत आणि निरुपद्रवी असते. ग्रिफिथ यांनी 1928 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, उष्णतेने मारलेले आवरणयुक्त जीवाणू आणि जिवंत आवरणहीन जीवाणू एकत्र टोचले असता उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत आवरणयुक्त जीवाणू सापडले. हा निष्कर्ष थक्क करणारा असला, तरी त्याला अर्थ प्राप्त झाला तो न मेलेल्या उंदरांमुळे. केवळ मारलेले जीवाणू टोचलेले उंदीर जगले, म्हणून उष्णतेतून कोणी जिवंत सुटला असेल ही शंका कमी झाली. केवळ आवरणहीन जीवाणू टोचलेले उंदीर जगले, म्हणून ते एरवी निरुपद्रवीच असल्याचे दिसले. शिवाय मिश्रणातील दोन घटक जीवाणूंच्या निरनिराळ्या प्रकारांतले घेतलेले असल्याने, उंदराच्या रक्तात मिळालेले आवरण मृत जीवाणूच्या प्रकाराचे आहे हे ओळखता आले, आणि जिवंत जीवाणू आपोआप आपल्या मूळ रूपाकडे परतले असतील हा पर्यायही मागे पडला.

हे रूपांतर घडविणारा पदार्थ कोणता, या प्रश्नाचा पाठपुरावा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ऑस्वाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी केला व 1944 साली आपला निबंध प्रसिद्ध केला. सुमारे 75 लिटर जीवाणूसंवर्धनातून त्यांच्या हाती 10 ते 25 मिलिग्रॅम इतकाच शुद्ध केलेला पदार्थ येई. अर्कात अल्कोहोल थेंबाथेंबाने घालून काचेच्या कांडीने ढवळले, की पांढरे तंतू वेगळे होऊन कांडीभोवती गुंडाळले जात. हे तंतू डीएनएचे आहेत असे रासायनिक विश्लेषण सांगत होते, परंतु रूपांतर डीएनए घडवते की त्याला चिकटून राहिलेले एखादे प्रथिन, हा प्रश्न उरतच होता. म्हणून त्यांनी अर्काचे वेगवेगळे भाग करून त्यांवर वेगवेगळी विकरे, म्हणजे ठरावीक रेणूच तोडणारी जैविक रसायने, वापरली. प्रथिने तोडणाऱ्या ट्रिप्सिन व कायमोट्रिप्सिन यांनी काही बिघडले नाही आणि आरएनए तोडणाऱ्या विकरानेही नाही. डीएनए तोडणाऱ्या विकरयुक्त द्रवांनी मात्र रूपांतराची शक्ती संपूर्ण नष्ट केली. त्यावरही न थांबता त्यांनी तेच द्रव, डीएनए तोडण्याची त्यांची क्षमता जाईल इतके तापवून पुन्हा वापरून पाहिले, आणि या वेळी रूपांतर अबाधित राहिले. तापवलेल्या द्रवात बाकीचे बहुतेक घटक तसेच असल्यामुळे नाश नेमका कशाने होतो हे या एका तुलनेने अधोरेखित झाले. तरीही त्याच संस्थेतील आल्फ्रेड मिर्स्की यांनी एक-दोन टक्के प्रथिन नजरेतून निसटले असू शकते असा आक्षेप घेतला, आणि मॅकार्टी यांनी 1946 साली डीएनए तोडणारे विकर अधिक शुद्ध स्वरूपात मिळवून त्या आक्षेपाचा जोर कमी केला. आक्षेप घेणाऱ्याने नेमकी कोणती तुलना बाकी आहे हे दाखवावे आणि संशोधकाने ती करून दाखवावी, अशी ही विज्ञानातील वादाची निरोगी रीत होती.

शरीररचनाशास्त्रात पुराव्याचे स्वरूप बदलते, कारण तेथे निष्कर्ष डोळ्यांसमोर चित्राच्या रूपाने उभा राहतो आणि चित्रावर शंका घेणे माणसाला जड जाते. वस्तुतः सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ऊतक, म्हणजे समान कार्य करणाऱ्या पेशींचा समूह, जिवंत अवस्थेतले सहसा नसते. ते फॉर्मलिनमध्ये स्थिर केलेले, मेणात बसवलेले, काही मायक्रोमीटर जाडीच्या पापुद्र्यांत कापलेले आणि रंगवलेले असते, आणि यांपैकी प्रत्येक पायरी आपली खूण मागे ठेवते. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी 1873 साली पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून चेताऊतक रंगवण्याची रीत शोधली. तिचे वैशिष्ट्य असे की असंख्य पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण ज्या होतात त्या आपल्या शाखा-उपशाखांसह पिवळसर पार्श्वभूमीवर उठून दिसतात. याच रीतीच्या आधारे गॉल्जी यांनी चेतासंस्था म्हणजे अखंड जुळलेले एक जाळे आहे असा निष्कर्ष काढला, तर स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी त्याच रीतीने 1888 पासून नेमका उलटा, प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे असा, निष्कर्ष मांडला.

एकाच रंगातून दोन विरुद्ध मते निघाली, याचे कारण काहाल यांनी नमुना बदलला यात सापडते. प्रौढ प्राण्याच्या मेंदूत अनेक चेतातंतूंवर मेदयुक्त आवरण चढलेले असते आणि तेथे रंग नीट शिरत नाही. म्हणून त्यांनी पक्ष्यांचे भ्रूण आणि सस्तन प्राण्यांची लहान पिले निवडली, ज्यांच्यात हे आवरण अजून तयार झालेले नसते. वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे नमुने शेजारी ठेवल्यावर तंतू कोठून निघतो, कसा वाढतो आणि दुसऱ्या पेशीजवळ जाऊन कसा मोकळा संपतो हे अनुसरता आले. दोघांना 1906 साली नोबेल पुरस्कार विभागून मिळाला आणि त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गॉल्जी यांनी स्वतंत्र पेशीची कल्पना नाकारली. या वादाचा निर्णायक निकाल लागला तो 1950 च्या दशकात, जेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन चेतापेशींमधली सुमारे 20 नॅनोमीटर रुंदीची फट दाखवली. मात्र त्याच सूक्ष्मदर्शकाने जीवाणूंच्या आत पटलाच्या घड्याही दाखवल्या होत्या. त्यांना ‘मेसोसोम’ असे नाव मिळाले, त्यांना कार्येही बहाल झाली, आणि पुढे रसायनांऐवजी अतिजलद गोठवून तयार केलेल्या नमुन्यांत त्या दिसेनाशा झाल्यावर त्या स्थिरीकरणाच्या रसायनांनी निर्माण केलेला आभास ठरल्या. एकच वस्तू दोन परस्परांशी संबंध नसलेल्या रीतींनी तयार करून पाहणे ही शरीररचनाशास्त्राची तुलना होय, आणि ती टाळली की सुबक चित्र अभ्यासकालाच चकवते.

औषध-विश्लेषणात तुलना टाळण्याची किंमत रुग्णाच्या जिवाने मोजली जाते. ग्लिसरॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही रंगहीन, दाट, गोडसर द्रव आहेत. पहिला औषधांत सर्रास वापरला जातो, तर दुसऱ्याचे शरीरात विघटन होऊन मूत्रपिंडे निकामी होतात. अमेरिकेत 1937 साली सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकले गेले आणि 100 हून अधिक माणसे दगावली; त्यातून 1938 चा अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायदा जन्माला आला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 साली डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरॉल दिल्यामुळे 14 रुग्ण मृत्युमुखी पडले आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. गांबियात मुले दगावल्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2022 मध्ये याच प्रकारच्या दूषित सिरपांविषयी इशारा दिला. पंच्याऐंशी वर्षांच्या अंतरात रसायन तेच राहिले, हे प्रत्येक विश्लेषकाने आणि प्रत्येक खरेदी-अधिकाऱ्याने मनावर कोरून ठेवण्याजोगे आहे.

येथे ‘हा ग्लिसरॉल आहे काय’ आणि ‘यात ग्लिसरॉलखेरीज काय आहे’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, कारण पहिल्याचे उत्तर ‘होय’ असूनही तो द्रव घातक असू शकतो. दुसऱ्या प्रश्नासाठी वायू-वर्णलेखन ही रीत वापरतात. तिच्यात नमुन्याची वाफ लांब, केशासारख्या बारीक नळीतून नेली जाते आणि निरनिराळे घटक निरनिराळ्या वेळी बाहेर पडून आलेखावर आपापले शिखर, विश्लेषकांच्या बोलीत ‘पीक’, उमटवतात. परंतु नमुना टोचण्यापूर्वी नुसता द्रावक टोचून आलेख सपाट येतो हे पाहावे लागते, म्हणजे मागच्या तपासणीचे अवशेष उरलेले नाहीत याची खात्री पटते. त्यानंतर ज्ञात प्रमाणात डायएथिलीन ग्लायकॉल असलेले स्टँडर्ड टोचून त्याचे शिखर शेजारच्या शिखरापासून नीट अलग दिसते हे पडताळावे लागते. औषधकोशांत या अशुद्धीची मर्यादा 0.1 टक्का ठेवलेली असते, आणि उपकरणाला तेवढे प्रमाण दिसते हे आधी सिद्ध झाले तरच नमुन्याच्या आलेखावरील रिकाम्या जागेला ‘अशुद्धी आढळली नाही’ असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. भारतीय औषधकोश आयोगाची गाझियाबादची प्रयोगशाळा असे संदर्भपदार्थ पुरवते ते याच कारणासाठी.

द्रव-वर्णलेखनाचा विचार केला की औषध-विश्लेषण पृष्ठभागविज्ञानाच्या दारात येऊन उभे राहते. त्यातील पोलादी नळीत, म्हणजे कॉलममध्ये, काही मायक्रोमीटर व्यासाचे सच्छिद्र सिलिकाचे कण ठासलेले असतात. एका ग्रॅम कणांचा अंतर्गत पृष्ठभाग काहीशे चौरस मीटर भरतो आणि त्यावर 18 कार्बन अणूंच्या साखळ्या रासायनिकरीत्या जोडलेल्या असतात. सर्व जागी साखळी बसत नाही; उरलेल्या जागी सिलिकाचे मूळ हायड्रॉक्सिल गट उघडे राहतात, आणि अमिट्रिप्टिलिनसारखे अल्कधर्मी औषध त्यांना रेंगाळून चिकटल्याने त्याच्या शिखराला शेपूट फुटते. औषधात खोट नसताना आलेख वाकडा येतो, आणि स्टँडर्डचा आलेखही तसाच वाकडा आला तरच दोष पृष्ठभागाचा आहे हे कळते. जनुकशास्त्रातील डीएनए शुद्धीकरणाचे आजचे नेहमीचे संच सिलिकाच्याच पृष्ठभागावर अवलंबून असतात, आणि ऊतकाचे छेद काचपट्टीवर टिकतात तेही काचेच्या पृष्ठभागाच्या गुणांमुळे. चारही शाखा अशा रीतीने एकाच सीमारेषेवर भेटतात.

या सीमारेषेच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स यांचे स्थान फार वरचे आहे. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद असण्याच्या त्या काळात त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठभागावरील तेलकट थरांचे मापन केले. पाण्याने काठोकाठ भरलेले कुंड, त्याच्या कडांवर आडवी टेकवलेली कथलाची पट्टी आणि पृष्ठभागावर टेकवलेली चकती उचलायला लागणारे बल मोजणारा तराजू एवढीच त्यांची साधने होती. पट्टी सरकवली की पृष्ठभागावरचा मळ एका बाजूला लोटला जाई आणि मागे स्वच्छ पाणी उरे. त्या स्वच्छ पाण्याचे मापन हेच त्यांचे ब्लँक होते. त्याच्या तुलनेत त्यांनी दाखवून दिले की थराला पुरेशी मोकळी जागा असेपर्यंत पृष्ठताण जवळजवळ बदलत नाही, आणि जागा एका मर्यादेपेक्षा आकसली की तो झपाट्याने उतरतो. जानेवारी 1891 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष पत्राने ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना कळवले, आणि रॅले यांच्या शिफारशीवरून ते पत्र ‘नेचर’मध्ये त्याच वर्षी छापले गेले. आयर्विंग लँगम्युअर यांनी पुढे ही पद्धत सुधारून थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो हे मांडले. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना 1932 चे नोबेल मिळाले.

घन पृष्ठभागांची अडचण याहून बिकट आहे. हवेच्या नेहमीच्या दाबात धातूचा ताजा पृष्ठभाग काही नॅनोसेकंदांतच वायूच्या रेणूंनी झाकला जाऊ शकतो. दाब वातावरणाच्या सुमारे लाख कोटीव्या हिश्श्याखाली नेला तरच त्याला काही तासांची उसंत मिळते. म्हणूनच अतिनिर्वात कक्ष उपलब्ध झाल्यावर हे शास्त्र खऱ्या अर्थाने उभे राहिले, आणि बर्लिनच्या गेऱ्हार्ट एर्टल यांना लोखंडावर अमोनिया तयार होताना नायट्रोजनचा रेणू तुटणे हीच सर्वांत संथ पायरी असल्याचे दाखवता आले. त्यांच्या कार्याचा गौरव 2007 च्या नोबेल पुरस्काराने झाला. क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढून पृष्ठभागावरील मूलद्रव्ये ओळखण्याच्या रीतीत तर हवेतून बसलेल्या कार्बनी मळाचे 284.8 इलेक्ट्रॉनव्होल्टचे शिखरच वर्षानुवर्षे मोजपट्टी म्हणून वापरले गेले. हा मळ सर्वत्र एकसारखा नसतो, म्हणून अलीकडे या प्रथेवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. ज्याच्याशी तुलना करायची तो नमुनाही तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही, हा धडा त्यातून मिळतो.

चारही शाखांचा हा आढावा एका व्यावहारिक निष्कर्षाकडे नेतो. वेळ किंवा पैसा अपुरा पडू लागला की प्रयोगशाळेत पहिली काटछाट होते ती तुलनेच्या नमुन्यांची, कारण त्यांतून नवे काही हाती लागत नाही असे वरवर वाटते. त्या काटछाटीनंतरही अहवालाचे स्वरूप, त्यावरचा शिक्का आणि त्यातील आकडे पूर्वीसारखेच दिसतात, परंतु त्यांना सत्याचा आधार राहिलेला नसतो. म्हणून विज्ञानाच्या विद्यार्थ्याला निकाल लिहायला शिकवण्याआधी ब्लँक चालवायला शिकवले पाहिजे. रुग्णालयाने औषध स्वीकारताना अहवालासोबत स्टँडर्डचा आलेख मागितला पाहिजे. आणि संशोधनाला निधी देणाऱ्यांनी अपेक्षेप्रमाणे काहीच न घडलेल्या प्रयोगांचा खर्च हा अपव्यय न मानता पुराव्याची किंमत मानली पाहिजे. ज्या समाजाला औषधाच्या बाटलीवर आणि तपासणीच्या कागदावर निर्धास्तपणे विश्वास ठेवायचा आहे, त्याने ही किंमत आधीच चुकती करणे हाच त्या विश्वासाचा एकमेव रास्त मार्ग होय.