मधले नाव

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा लिखित मजकूर)



आडनावांवर बोलायला आम्हाला सांगितले आहे. पण आडनावाच्या अगोदर जे नाव बसते, त्याच्याविषयी आम्ही बोलणार आहोत. आडनावाने घराणे कळते. मधल्या नावाने बाप कळतो.

१७३८ च्या जानेवारीत आपल्या भोपाळजवळच्या दोराहा येथे निजामाने तह करून माळवा ज्यांना दिला, ते थोरले बाजीराव. त्यांच्या मुद्रेवर नाव आहे ‘बाजीराव बल्लाळ’. बल्लाळ म्हणजे बाळाजी, त्यांचे वडील. आडनाव भट, पण मुद्रेत ते नाही. चिरंजीव झाले बाळाजी बाजीराव, आणि नातू पुन्हा माधवराव बल्लाळ. पिढी बदलली की मधले नाव बदलायचे.

युरोपच्या उत्तरेलाही हीच रीत होती. तिकडे बापाच्या नावापुढे ‘सन’ म्हणजे मुलगा हा शब्द लावत. परीकथा लिहिणारे हॅन्स ख्रिश्चन अँडरसन आपणां सर्वांना ठाऊक आहेत. अँडरसन म्हणजे अँडर्सचा मुलगा. पण त्यांच्या वडिलांचे नाव हॅन्स होते! अँडर्स हे आजोबा. बापाचे नाव सांगणारा शब्द तिथे गोठून आडनाव झाला. आइसलँडमध्ये मात्र जुनी रीत अजून चालते. १९८० साली तिथे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विग्दिस फिन्बोगादोत्तिर यांच्या नावाचा अर्थ ‘फिन्बोगीची मुलगी’. तिथे लग्नानंतरही बाई बापाचीच मुलगी राहते. आपल्याकडे लग्न झाले की मुलीचे मधले नाव आणि आडनाव, दोन्ही बदलतात.

आपली जुनी परंपरा मात्र आईला विसरलेली नव्हती. दशरथाचा दाशरथी, तसाच कुंतीचा कौंतेय. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात सातवाहन राजाचे नाव गौतमीपुत्र सातकर्णी असे आहे. आणि ज्याच्या उत्सवाला आपण जमलो आहोत, तो तर गौरीनंदन! महाराष्ट्र शासनाने आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम लावला आहे.

आता आपल्या भोपाळचे पाहू. आमची नोकरी सरकारी, त्यामुळे कागद रोज हाताखालून जातात. इथल्या फॉर्मात ‘पिता का नाम’ हा वेगळा रकाना असतो. म्हणून आपल्या मुलांच्या नावातून मधले नाव हळूहळू गळते. थोरल्याच्या गुणपत्रिकेवर तीन नावे, धाकट्याच्या दोन. आईचे माहेरचे कागद एका नावाने, सासरचे दुसऱ्या. घरात सगळे एकमेकांना ओळखतात, तोवर काही अडत नाही. वडील गेल्यावर फॅमिली पेन्शन किंवा वारसाची नोंद करायची वेळ येते, तेव्हा ‘ही तीच बाई’ हे शपथपत्र देऊन सिद्ध करावे लागते. दुःखाच्या दिवसांत त्या माउलीने खेटे घालायचे!

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. नाव दोन शब्दांचे ठेवा की चारांचे, तो ज्याचा त्याचा प्रश्न; पण जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक, सगळीकडे ते एकसारखे असू द्या. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवा.

दुसरी गोष्ट घरची. इथे बसलेल्या तरुण मंडळींपैकी किती जणांना पणजीचे नाव सांगता येईल? आजोबांचे येईल, पणजोबांचे कदाचित. पणजीचे लग्नाआधीचे नाव तर बहुतेक घरांत हरवलेच आहे. आजी-आजोबा समोर आहेत तोवर एका वहीत चार पिढ्यांची नावे लिहून घ्या; सुनांची माहेरच्या नावासकट आणि लेकींचीही. इथे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना मूळ गाव पुष्कळदा आडनावातल्या ‘कर’वरून तरी कळते. माणसे मात्र आडनावातून कळत नाहीत. ती लिहूनच ठेवावी लागतात.

गणपती बाप्पा मोरया!