विसाव्या शतकाचे अखेरचे दशक आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शाळेतील फळ्यासमोर घालविलेली वर्षे एवढेच माझे भांडवल. तथापि १९९१ ते २००० हे दशक मी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. समोर बसलेल्या तरुणांपैकी पुष्कळांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. त्या दहा वर्षांत जगात काय घडले, आपल्या घरात काय शिरले आणि त्यातून आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने काय घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

त्या दशकात भूगोलाच्या शिक्षकाची मोठी पंचाईत झाली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएट संघ लयास गेला आणि त्याच्या जागी पंधरा स्वतंत्र राष्ट्रे उभी राहिली. त्याच वर्षी युगोस्लाव्हिया फुटू लागला. वर्गातील भिंतीवरचा नकाशा एका वर्षात जुना झाला. बर्लिनची भिंत तर १९८९ मध्येच कोसळली होती. आता मानवजातीतील भिंती संपल्या, असे त्या काळी अनेकांस वाटले. ही आशा कितपत खरी ठरली, ते पुढे पाहू.

आपल्या देशाचीही ती परीक्षेचीच वर्षे होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा तेथे अडकलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलनाची गंगाजळी इतकी आटली की, रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले. घरातील दागिना गहाण टाकताना गृहिणीच्या मनास काय यातना होतात, हे आपण जाणतो. त्या वर्षी सगळ्या देशाने ती यातना अनुभवली. २४ जुलै १९९१ रोजी डॉ. मनमोहनसिंग यांनी जो अर्थसंकल्प मांडला, त्याने बाजाराची दारे उघडली. त्यानंतर आपल्या मुलांची नोकरी, आपली खरेदी, आपली करमणूक, सारेच बदलले.

करमणुकीचेच पाहा. १९८७-८८ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागले की आळीतील ज्या घरी दूरदर्शन संच असेल, तेथे सगळी आळी लोटत असे. पायरीवर चपलांची रास पडे. १९९१ नंतर केबलची तार गच्चीगच्चीवरून आली. १९९२ च्या ऑक्टोबरात ‘झी’ वाहिनी सुरू झाली, १९९९ च्या स्वातंत्र्यदिनी ‘अल्फा मराठी’ आली आणि ‘आभाळमाया’ने मराठी घरातील संध्याकाळ व्यापली. करमणूक वाढली हे खरे, आपल्या भाषेलाही नवे अंगण मिळाले. परंतु शेजाऱ्याच्या ओसरीवर जाण्याचे एक कारण कमी झाले.

१९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ हा बोलपट आला. आपल्या माधुरी दीक्षित यांच्या त्या चित्रपटात खलनायक जवळजवळ नाहीच. आहेत ती लग्ने, डोहाळजेवण, दीर-भावजयांची थट्टा. एकत्र कुटुंबे मोडू लागली होती, नेमक्या त्याच वेळी एकत्र कुटुंबाचे हे चित्र पाहण्यास लोकांची रीघ लागली. जे हातून निसटते, त्याची ओढ अधिक, हेच त्याचे मर्म असावे. आपल्या संमेलनास दूरदूरहून मंडळी येतात, तीही याच ओढीने.

क्रिकेटची गोष्ट सांगितल्यावाचून तरुण मंडळी मला सोडणार नाहीत. एप्रिल १९९८ मध्ये शारजा येथे सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन दिवसांत दोन शतके ठोकली, त्यांतील दुसरे आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी. परंतु माझ्या मते त्या दशकातील सर्वांत मोठा सामना १० नोव्हेंबर १९९१ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर झाला. वर्णभेदामुळे एकवीस वर्षे बहिष्कृत असलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ त्या दिवशी प्रथमच आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला, आणि तोही भारतात. त्याच वर्णभेदाच्या निषेधार्थ १९४६ साली दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा आपलाच देश होता. सत्तावीस वर्षे कारावास भोगून १९९० मध्ये सुटलेले नेल्सन मंडेला १९९४ च्या मे महिन्यात त्या देशाचे अध्यक्ष झाले. सूड घेण्याचे सामर्थ्य हाती आले असता त्यांनी समेटाची वाट धरली. या दशकातील सर्वांत उंच माणूस कोण, असे मला कोणी विचारले तर मी त्यांचेच नाव घेईन.

२१ सप्टेंबर १९९५ चा दिवस ज्येष्ठांस आठवत असेल. गणपतीची मूर्ती दूध पिते, ही वार्ता दिल्लीहून निघाली आणि दूरध्वनीवरून दिवस मावळण्यापूर्वी सातासमुद्रापार पोहोचली. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून पृष्ठताणाचा नियम दाखवून दिला. वार्ता किती वेगाने धावते आणि विचार मागाहून कसा सावकाश चालत येतो, याचा तो वस्तुपाठ होता. आजच्या भ्रमणध्वनीच्या काळात तो विसरू नये. कारण वार्ता नेहमीच दुधासारखी निरुपद्रवी नसते.

आता मी ज्या विषयाकडे येत आहे, तो सांगताना मन जड होते. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत आफ्रिकेतील रवांडा या लहानशा देशात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. मारणारे परके नव्हते. एकच भाषा बोलणारे, एकाच विहिरीचे पाणी पिणारे शेजारी होते. बेल्जियमच्या राजवटीपासून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात छापलेली असे. रस्त्यारस्त्यावर ते ओळखपत्र पाहून माणसाचे जगणे-मरणे ठरले. नभोवाणीवरून माणसांना झुरळे म्हटले गेले, नावे वाचून दाखविली गेली. इकडे युरोपात साराजेव्हो शहर जवळजवळ चार वर्षे वेढ्यात होते. आणि आपण कोणास बोट दाखवावे? डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये आपल्या मुंबईत सुमारे नऊशे माणसे दंगलींत मेली, आणि १२ मार्चच्या बाँबस्फोटांत आणखी २५७. एक भिंत बर्लिनला पडली, परंतु मनामनांत शंभर नव्या उभ्या राहिल्या.

याच दशकाने दुसरे चित्रही दाखविले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, किल्लारी आणि भोवतालच्या गावांत भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो जीव गाडले गेले. तेथे देशभरातून आणि परदेशांतून मदत आली. ढिगारा उपसणाऱ्याने खालून येणाऱ्या हाकेची जात विचारली नाही. अम्मानहून उडालेल्या विमानांतही ती कोणी विचारली नव्हती.

बंधुभगिनींनो, हे सारे मी ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून का सांगत आहे? आपणही कुटुंबांची सूची छापतो. त्या सूचीमुळे सोयरिकी जुळतात, परगावी गेलेल्या मुलास राहण्याचा आसरा मिळतो, दुःखात समाचारास माणसे येतात. हे पुण्यकर्म आहे आणि ते चालू राहावे. परंतु नावांची सूची ही सुरीसारखी असते. भाजी चिरावी की गळा, हे धरणाऱ्या हातावर अवलंबून. आपल्या माणसावर प्रेम करणे वेगळे आणि जो आपला नाही त्यास कमी लेखणे वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतची वाट फार उताराची आहे.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. मंडळाच्या शिष्यवृत्तीनिधीतील काही भाग येत्या वर्षापासून कोणत्याही जातीच्या गरजू विद्यार्थ्यास खुला ठेवावा. काही सभासद म्हणतील, “आपल्याच मुलांस पुरत नाही, तेथे दुसऱ्यांस कोठून द्यावे?” आक्षेप रास्त आहे, म्हणूनच मी सर्व निधी मागत नाही, एक-दोन शिष्यवृत्त्या मागतो. आपल्यातील कित्येकांची मुले आज ज्या देशांत स्थिरावली आहेत, तेथील विद्यापीठांनी त्यांस शिष्यवृत्त्या देताना त्यांची ज्ञाती पाहिली नव्हती. घेतलेले थोडे तरी परत करणे, हा गृहस्थधर्म आहे. ज्या घराचे दार आतबाहेर दोन्हीकडे उघडते, त्या घरात हवा खेळती राहते.

सर्वसाधारण सभेत या सूचनेचा विचार व्हावा, कोणास ती अमान्य असेल तर त्यांनी मोकळेपणाने बोलावे, अशी माझी विनंती आहे.