पंधरा मीटरची लाट आणि बॅकलॉगमध्ये पडलेलं तिकीट

आजचा विषय माझा नाही, मामाचा आहे.

गणपतीत राजापूरकडे गेलो होतो. रात्री जेवणं झाली, आरती झाली, सगळे ओटीवर बसलेले. मामा म्हणाला, "काय रे, तू इंजिनीअर ना? मग सांग, ह्या जैतापूरला उद्या भूकंप झाला, त्सुनामी आली, तर काय होणार?" मी म्हटलं, "मामा, मी ॲप बनवतो. माझं ॲप पडलं तर लोक एक स्टार देतात, गाव सोडून जात नाहीत." सगळे हसले. मामाने प्रश्न काही सोडला नाही. "मग वाच आणि सांग," म्हणाला. तर वाचलं. दोन महिने वाचतोय.

आधी एक छोटा किस्सा. माझ्या पहिल्या नोकरीत ऑफिसचा जनरेटर बेसमेंटमध्ये होता. आमच्या सर्व्हर रूमचा सगळा भरवसा त्याच्यावर. एका जुलैमध्ये धो धो पाऊस, लाइट गेली, जनरेटर चालू झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वीस मिनिटांनी बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि जनरेटर बंद. ज्या पावसाने मेन सप्लाय घालवला, त्याच पावसाने बॅकअप घालवला. म्हणजे आमच्याकडे बॅकअप होता हे कागदावरच खरं होतं. हा किस्सा डोक्यात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट हीच आहे, फक्त खूप मोठी.

११ मार्च २०११, जपान, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. ९ तीव्रतेच्या आसपासचा भूकंप. फुकुशिमा दाइइची केंद्रात सहा अणुभट्ट्या, त्यातल्या तीन चालू होत्या. हादरा बसल्याबरोबर त्या आपोआप बंद झाल्या. आपल्याला वाटतं, बंद झाली म्हणजे सुटलो. तसं नसतं. अणुभट्टी बंद केली तरी आतल्या इंधनातले किरणोत्सारी पदार्थ उष्णता देतच राहतात. बंद केल्या क्षणी ही उष्णता पूर्ण क्षमतेच्या साधारण सहा-सात टक्के असते. ऐकायला कमी, पण मोठ्या भट्टीत ती शंभर-दोनशे मेगावॉट होते. ती कमी कमी होत जाते, पण दिवसेंदिवस पाणी फिरवत राहावं लागतं. पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज.

भूकंपाने बाहेरून येणारी वीज गेली. डिझेल जनरेटर चालू झाले. इथपर्यंत सगळं डिझाइनप्रमाणे. मग पाऊण तासाने समुद्र आत आला. पहिल्या चार युनिटची जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटरवर होती, पाणी १४-१५ मीटरपर्यंत चढलं. बहुतेक जनरेटर आणि वीजवाटपाचे पॅनेल टर्बाइन इमारतींच्या तळघरात. तळघरात! पहिल्या दोन युनिटमध्ये बॅटऱ्यासुद्धा गेल्या. कंट्रोल रूममध्ये अंधार, भट्टीत पाण्याची पातळी किती हेही दिसेना. कर्मचाऱ्यांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मीटरला जोडल्या. जगातल्या सगळ्यात तंत्रज्ञ देशात. तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं, हायड्रोजनचे स्फोट झाले, दीड लाखाच्या वर लोकांना घरं सोडावी लागली.

सहाव्या युनिटचा एक जनरेटर मात्र वाचला. तो हवेने थंड होणारा होता आणि वरच्या जागी होता. त्या एका मशीनने पाचवी आणि सहावी भट्टी वाचवली.

आता नियमनाकडे येतो, कारण मामाचा खरा प्रश्न तो आहे. लाट किती मोठी येणार हे आधी कोण ठरवतं?

फुकुशिमाला मुळात ३.१ मीटरची लाट धरली होती. का, तर १९६० मध्ये चिलीच्या भूकंपाने आलेली लाट जवळच्या बंदरात तेवढी मोजली गेली होती. म्हणजे हातात असलेला एक आकडा घेतला आणि तीच कमाल मर्यादा मानली. २००२ मध्ये तो ५.७ मीटर केला, नंतर थोडा आणखी वाढवला. आणि आणखी एक गोष्ट, जी वाचून मी खरंच फोन बाजूला ठेवला. त्या जागी मुळात ३५ मीटर उंच कडा होता. तो कापून १० मीटरवर आणला. वेडेपणा म्हणून नाही. इमारत खालच्या पक्क्या खडकावर उभी राहिली तर भूकंपात बरी, आणि समुद्राचं पाणी वर चढवायला पंपाचा खर्चही कमी. म्हणजे भूकंपाचा धोका कमी करणाऱ्या निर्णयाने पुराचा धोका वाढवला. दोन टीमने आपापली टेस्ट पास केली, एकत्र कोणी चालवून बघितली नाही.

मग ते तिकीट. २००२ मध्येच जपान सरकारच्या भूकंप संशोधन मंडळाने सांगितलं होतं की त्या किनाऱ्यावर कुठेही मोठी त्सुनामी आणणारा भूकंप होऊ शकतो. २००८ मध्ये टेप्को कंपनीच्या आतल्या लोकांनी त्यावरून हिशोब केला. उत्तर आलं, १५.७ मीटर. वरिष्ठांनी काय केलं? विषय स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडे आणखी अभ्यासासाठी पाठवला. आपल्या भाषेत, तिकीट बॅकलॉगमध्ये टाकलं, प्रायॉरिटी लो. २००९ मध्ये नियामकाच्या समितीत एका भूगर्भशास्त्रज्ञाने इसवी सन ८६९ च्या जोगान त्सुनामीचा मुद्दा काढला, तिने आणलेली वाळू शेतांखाली सापडलीय म्हणून. तेही पुढे ढकललं गेलं. १५.७ चा आकडा नियामकाला कळवला गेला तो ७ मार्च २०११ ला. चार दिवस आधी.

आणि नियामक कोण? निसा नावाची संस्था, उद्योग मंत्रालयाच्या आत. त्याच मंत्रालयाचं काम अणुऊर्जा वाढवणं. जपानच्या संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये स्पष्ट लिहिलं की ही दुर्घटना मानवनिर्मित आहे आणि नियामक कंपनीच्या ताब्यात गेला होता.

इथे कोणीतरी म्हणेल, "अरे, नंतर बोलणं सोपं असतं." बरोबर आहे, आणि हा वाद कोर्टातही मिटलेला नाही. २०२२ मध्ये टोकियोच्या कोर्टाने टेप्कोच्या चार माजी अधिकाऱ्यांना १३ लाख कोटी येनहून जास्त भरपाई द्यायला सांगितलं. जून २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, एवढी लाट येईल हे त्यांना धरता आलं नसतं म्हणून. फौजदारी खटल्यातही अधिकारी सुटले. माझं मत विचाराल तर, वैयक्तिक गुन्हा सिद्ध होणं ही एक गोष्ट आहे आणि तळघरातले दोन जनरेटर टेकडीवर नेणं ही वेगळी गोष्ट. दुसरीसाठी १५.७ हा आकडा शंभर टक्के खरा असायची गरज नव्हती. शंका पुरेशी होती.

आणि हे जमत होतं याचा पुरावा त्याच किनाऱ्यावर आहे. ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्रबिंदूच्या फुकुशिमापेक्षाही जवळ. तिथे लाट साधारण १३ मीटरची आली. पण ते केंद्र १४.८ मीटर उंचीवर बांधलेलं होतं, कारण यानोसुके हिराई नावाचा वीज कंपनीचा एक जुना इंजिनीअर उंचीसाठी अडून बसला होता. भूकंपाने जमीन एक मीटर खचली, तरीही मुख्य आवार वाचलं. थोडं पाणी एका तळघरात शिरलं, पण भट्ट्या सुरक्षित बंद झाल्या. गाव वाहून गेलेले तीनशेहून जास्त लोक त्या केंद्राच्या जिमखान्यात राहिले. अणुकेंद्रात आसरा! मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "आमच्या आज्यानेपण जोतं दोन हात वर घेतलं होतं, ओढ्याला पाणी येतं म्हणून. सगळे हसायचे त्याला."

तोकाई केंद्राची गोष्ट तर आणखी घासून गेलेली. स्थानिक प्रांताने नवा त्सुनामी अंदाज काढला, म्हणून कंपनीने समुद्राच्या पंपांभोवतीची भिंत ४.९ वरून ६.१ मीटर केली. लाट आली साधारण ५.४ ची. भिंतीतल्या फटी बुजवायचं काम एका बाजूला राहिलं होतं, तिथून पाणी शिरून तीनपैकी एक जनरेटर गेला. दोन चालू राहिले.

पण कोणी एक हट्टी इंजिनीअर भेटेल यावर देश चालवता येत नाही. हट्ट नियामकाने करायचा असतो. त्याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं, नेब्रास्का राज्यातलं फोर्ट कॅलहून, मिसुरी नदीकाठी. तिथल्या नियामकाने तपासणी करून सांगितलं की मोठ्या पुरासाठीची तुमची तयारी, म्हणजे वाळूची पोती वगैरे, पुरेशी नाही. कंपनीने वाद घातला. नियामकाने २०१० मध्ये गंभीर त्रुटीचा शेरा मारला आणि कामं करून घेतली. जून २०११ मध्ये नदी आवारात शिरली, केंद्र अक्षरशः बेट झालं. भट्टी इंधन बदलण्यासाठी आधीच बंद होती. इमारतीभोवती पाण्याने फुगवलेला रबरी बांध घातला होता, तो एका गाडीच्या धक्क्याने फाटला. तरी मुख्य इमारतींमध्ये पाणी शिरलं नाही. या गोष्टीवर कोणी वेब सिरीज काढणार नाही, कारण काही घडलंच नाही.

आता आपल्याकडे.

"आपल्याकडे असं कुठे होतं" म्हणणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. जून १९९४, गुजरातमधलं काकरापार. मुसळधार पाऊस, शेजारचा तलाव भरला, टर्बाइन इमारतीच्या तळघरात पाणी. भट्टी तेव्हा बंद होती, म्हणून निभावलं. २६ डिसेंबर २००४, तमिळनाडूतलं कल्पक्कम. त्सुनामीचं पाणी समुद्राच्या पंपहाउसमध्ये शिरलं, चालू असलेली भट्टी सुरक्षितपणे बंद केली, काही दिवसांत पुन्हा सुरू झाली. शेजारी नव्या भट्टीच्या पायासाठी खणलेला खड्डा मात्र पाण्याने भरला. आणि तिसरी, ११ डिसेंबर १९६७, आपली कोयना. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, इथे भूकंप होत नाहीत, असं तोवर समजत होते. तारापूरचं बांधकाम तेव्हा चालूच होतं. साधारण ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. पुढे १९९३ ला किल्लारी, ती तर आपल्या आईबाबांना नीट आठवते. "इथे कधी झालं नाही" याचा अर्थ अनेकदा "आपण मोजायला लागल्यापासून झालं नाही" एवढाच असतो.

म्हणून अणुकेंद्रांसाठी दहा हजार वर्षांत एकदा होईल असा भूकंप धरायची पद्धत आहे. दहा हजार ऐकून हसू नका. चाळीस वर्षं चालणाऱ्या केंद्रासाठी ती शक्यता ०.४ टक्के होते. आणि रेकॉर्ड आहे शे-दीडशे वर्षांचं, म्हणजे बाकीचं सगळं मॉडेल. मॉडेल चुकतं. २००७ मध्ये जपानच्याच काशिवाझाकी केंद्राला डिझाइनच्या दुपटीहून जास्त हादरा बसला. भट्ट्या टिकल्या, कारण इंजिनीअरांनी मार्जिन ठेवलं होतं. ट्रान्सफॉर्मर पेटला, कार्यालयाची इमारत निकामी झाली. त्यावरून धडा घेऊन फुकुशिमात भूकंपरोधक आपत्कालीन इमारत बांधली, २०१० मध्ये ती तयार झाली, आणि आठ महिन्यांनी सगळं बचावकार्य तिथूनच चाललं. पाण्याच्या बाबतीत हे मार्जिन चालत नाही, हा मोठा फरक. भिंत हादऱ्याला थोडी तडकते. पाणी उंबरठ्याच्या एक इंच खाली असलं तर काही नाही, एक इंच वर आलं की सगळं.

आपला नियामक एईआरबी, १९८३ मध्ये स्थापन झालेला. फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांची फेरतपासणी झाली, सगळं गेलं तरी बाहेरून फायर इंजिनने भट्टीत पाणी घालता यावं अशा जोडण्या बसवल्या. चांगलं काम. पण कॅगने २०१२ च्या अहवालात लिहिलं की हा नियामक सरकारच्या हाताखालचाच आहे, आणि नियम मोडल्याबद्दलचा दंड किती, तर जास्तीत जास्त ५०० रुपये. आमच्या सोसायटीत कचरा वेगळा न केल्याचा दंड याहून जास्त आहे. स्वतंत्र प्राधिकरणाचं विधेयक २०११ मध्ये आलं, २०१४ मध्ये लोकसभेबरोबर बाद झालं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर केला, त्यात एईआरबीला कायद्याचा आधार मिळाला, आणि त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना दारही उघडलं. म्हणजे नियामकाचं काम आता जास्त अवघड.

नियामकाला "नाही" म्हणता येतं का, हे मी बघतो. जपानच्या नव्या नियामकाने नियम केला की नवं ज्ञान आलं तर जुन्या केंद्रांनाही लागू. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी त्सुरुगाच्या दुसऱ्या भट्टीला परवानगी नाकारली, खाली जागृत भ्रंश असू शकतो म्हणून. नव्या नियमांखालची ती पहिली नकारघंटा.

मामाला मी परवा फोन केला. म्हटलं, "सेफ आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. पण सुनावणी झाली तर चार गोष्टी विचार. माडबनचं पठार कापून जमीन शेवटी किती उंचीवर ठेवणार? जनरेटर आणि पॅनेल कुठल्या मजल्यावर? लाटेचा आणि भूकंपाचा आकडा कोणी काढला, त्याच्याशी असहमत कोण होतं? आणि दर दहा वर्षांनी तो आकडा पुन्हा काढणार का?"

मामा म्हणाला, "थांब, पेन घेतो. जनरेटरचं परत सांग."