फोडणीचा क्रम आणि मसाल्याचा तोल

जबलपूर शहराच्या दक्षिणेस नर्मदेच्या काठी ग्वारीघाट आहे. स्नानाच्या किंवा परिक्रमेच्या निमित्ताने नर्मदेच्या घाटांवर येणारी माणसे गोवऱ्या पेटवून गक्कड-भरता करतात, तो या प्रदेशाचा खास पदार्थ होय. गक्कड म्हणजे जाडसर कणकेचे निखाऱ्यावर भाजलेले गोळे. वांगी, बटाटे, टोमॅटो त्याच विस्तवात भाजावयाचे, सोलून कुस्करावयाचे आणि त्यांत लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ मिसळावयाचे, की झाला भरता. मसाल्याचा डबा येथे जवळजवळ उघडतच नाही. धूर हा पहिला थर आणि कच्च्या लसणीचा उग्रपणा हा दुसरा. तरीही चवीत काही उणे वाटत नाही. मसाल्यांच्या तोलाचा विचार या भरत्यापासून सुरू करणे म्हणूनच सोयीचे आहे.

याच शहरात मराठी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला जिंकले, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. राज्य गेले, आमटी राहिली. नरसिंहपूर जिल्ह्यातील गाडरवाऱ्याची तूरडाळ प्रसिद्धच आहे, त्यामुळे डाळीची अडचण नव्हती. प्रश्न मसाल्याचा. दगडफूल हवे असलेल्या गृहिणीला येथल्या किराणा दुकानात पत्थरफूल मागावे लागते. नाव बदलले तरी वस्तू तीच, म्हणजे खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणारी एक शैवाक वनस्पती. कच्ची असता तिला फारसा वास नसतो. तेलावर परतली की गोड्या मसाल्याला त्याचा तो गडद, किंचित मातकट सुगंध येतो.

आमटीत चवीचे तीन थर असतात आणि ते तीन वेगवेगळ्या वेळी घातले जातात. पहिला फोडणीचा. मोहरीचा झणझणीतपणा ती कुटून ओली केल्यावर प्रकट होतो, कारण तो निर्माण करणारी क्रिया पाण्याच्या संपर्काने सुरू होते. कडकडीत तेलात ही क्रियाच थांबते आणि मोहरीला खमंगपणा येतो. म्हणून ती पुरती तडतडू द्यावी. अर्धवट तडतडलेली मोहरी दाताखाली कडू लागते. मग जिरे, त्यामागून हिंग. हिंगाचा कच्चा दर्प गरम तेलातच निवळतो. हळद आणि तिखट शेवटी, कारण त्यांचा रंग तेलात उतरतो खरा, पण क्षणभर उशीर झाला तर दोन्ही करपतात. करपलेल्या हळदीवर उपाय नाही. ती फोडणी टाकून द्यावी, काटकसर येथे महागात पडते.

दुसरा थर गोड्या मसाल्याचा. धने, जिरे, सुके खोबरे, तीळ, दालचिनी, लवंग, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल हे जिन्नस एकत्र न भाजता वेगवेगळे भाजतात, कारण तीळ तांबूस होतात तोवर धन्याचा कच्चेपणाही जात नाही. हा मसाला एकदा भाजून झालेला असल्यामुळे त्याला पुन्हा तापलेल्या तेलाची गरज नसते. चिंच-गुळासह उकळत्या आमटीत तो घातला की पुरे. तिसरा थर कोथिंबीर आणि ओले खोबरे यांचा. तो भांडे उतरवताना घालावयाचा.

नवशिक्या मुलीची आमटी सपक झाली की ती आणखी मसाला घालते. बहुधा उणे असते ते मीठ किंवा आंबट. आईचे ‘अंदाजाने घाल’ हे उत्तर तिला काहीच शिकवत नाही, कारण तो अंदाज आईच्या नाकात आणि कानात असतो. १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून १९७० मध्ये आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत मराठीत पाकग्रंथांची चांगली परंपरा आहे. तथापि तेल केव्हा पुरेसे तापले हे पुस्तकातून हाती येत नाही. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या घरात तर शेजारीही विचारावे असे कोणी नसते. आई बोलली नाही तर त्या घराची आमटी तिच्याबरोबरच संपते, आणि मागे उरते ते सर्व घरांत सारखेच लागणारे तयार मसाल्याचे पाकीट.

शिकवण्याची एक साधी रीत आहे. एकच वरण तीन वाट्यांत वाटावे. एका वाटीला हिंगाशिवाय फोडणी द्यावी, दुसरीला हिंगासह, आणि तिसरीत गोडा मसाला उकळीऐवजी थेट फोडणीत घालावा. तिन्ही चाखल्यावर काय हरवले ते मुलीने स्वतः सांगावे. आईने तोवर गप्प राहावे, हे अर्थात सर्वांत कठीण. मग तिसऱ्या वाटीत गुळाचा लहानसा खडा टाकून पाहावे. करपल्या मसाल्याचा कडवटपणा काहीसा झाकला जातो, पण गेलेला सुगंध परत येत नाही.

ग्वारीघाटच्या भरत्यावरही हाच प्रयोग करता येतो. त्यावर हिंग-मोहरीची फोडणी ओतली की तो मराठी घरातील भरिताच्या अगदी जवळ येतो आणि धुराचा वासही टिकून राहतो. गोडा मसाला मात्र त्यात घालू नये. चिमूटभर घातला तरी वांग्याचा धूर त्याखाली दडपला जातो.